बॉलवाला

एडरच्या डाव्या पायात निळ्या पट्ट्याची हवाई चप्पल व्हती आन उजव्या पायात त्याची ती जाड पट्ट्याची परदेशी सँडल. एवढंच झाल्तं. दुसरं काही न्हाई. सकाळचं ऊन आत्ता कुठं भिंतीवरून मैदानात उतरून राह्यलं व्हतं, पोरं हॉस्टेलातून बूट हातात घेऊन येऊन राह्यली व्हती, आन सत्यनारायण रोजच्यासारखा कडेच्या खुर्चीत गुडघ्यावर हात ठेवून बसला व्हता. हा एडर म्हंजी ब्राझीलचा फुटबॉलवाला. त्याला आणायला सत्यनारायणच्या पोरानं, मयंकनं, कुठकुठं फोन लावले, किती मिनतवाऱ्या केल्या. त्याचं नाव धड घेता येईना म्हणून सगळं जालना त्याला हैदरभाई म्हणायचं. चौकाचौकात त्याचे फोटो लागलेले. आन तो माणूस दोन पायात दोन घालून फटक फटक करत समोरून चालला व्हता.

"ये क्या?" सत्यनारायणनं विचारलं.

एडरनं पायाकडं पाह्यलं आन हसला. "कुत्ता, सेठजी. बहोत बदमाश कुत्ता."

मागून येणारी पोरं खळाळून हसली. मणिपूरचा गोलकीपर हसला, केरळचे दोघं हसले, सर्बियाहून आणलेला कोच मिलोश, जो कधी दात दाखवत न्हाई, तोबी हसला. आन मंग सगळ्यांचं हसू एकाच टायमाला बंद झालं. कुणी नळ बंद करावा तसं. मिलोशनं शिट्टी फुंकली, पोरं पळाली.

सत्यनारायण बसून राह्यला. क्लबच्या आवाराला दोन माणूस उंच भिंत व्हती. गेटवर पहारा व्हता. आत गवताचं एक पातं कुणाला विचारल्याशिवाय वाढत नव्हतं, कुत्रं कुठून येणार? बरं, चप्पल नेली कुत्र्यानं, पण ही निळी दिली कुणी? त्यानं वाकून पाह्यलं. एडर बूट घालून मैदानात गेल्ता, त्याची जोडी लायनीच्या बाहेर पडली व्हती. निळ्या चपलेची टाच बाहेरच्या अंगानं पार झिजली व्हती, आतली बाजू जशीच्या तशी. असं चालणारा माणूस जालन्यात एकच, सत्यनारायणला वाटलं. फेंगड्या पायाचा. लहानपणी त्याच्या दोन पायांतून बॉल आरपार जायचा आन तरी तो कुणाला घावायचा न्हाई. पण हे वाटलं तसं त्यानं बाजूला सारलं. छातीत काहीतरी जरासं हललं व्हतं, फर्निचर सरकवल्यावर खालची फरशी दिसते तसं, आन त्याला तिकडं बघायचं नव्हतं.

लोकं म्हणायची, शेठला म्हातारपणी याड लागलं. रोलिंग मिलवाला माणूस, सळई विकायची, सिमेंटची दुकानं पाहायची, ते सोडून फुटबॉल? मयंक पुण्यातून म्हणायचा, "पप्पा, हा प्रोजेक्ट आहे. शहराचं नाव होईल, आपला ब्रँड होईल." त्यानं कागदावर सगळं मांडून दाखवलं व्हतं, क्लबचं 'जालना पोलाद' हे नावबी त्याचंच. सत्यनारायणनं मान हलवली. त्याला ब्रँडचं काही पडलं नव्हतं. बायको, बसंतीबाई, गेल्यावर मोतीबागेकडच्या त्या घरात जेवणाचा टेबल तेवढा उरला व्हता, बारा खुर्च्यांचा, तिनंच हौसेनं आणलेला. ती व्हती तेव्हा खुर्च्या भरायच्या. कोण मिलचा मॅनेजर, कोण जोधपूरहून आलेला पाव्हणा, कोण राजूरच्या गणपतीला निघालेलं आन वाटंत थांबलेलं. बसंतीबाई एकेकाच्या पाठीमागं उभी राहून मनवार करायची. मनवार म्हंजी नुसता आग्रह न्हाई. आपल्या हातानं घास करून पाव्हण्याच्या तोंडापाशी न्यायचा, आन त्यानं तोंड उघडेस्तोवर हात मागं घ्यायचा न्हाई. "जीमो," म्हणायची. माणसं लाजायची, हसायची आन खायची. ती गेली, आन खुर्च्या एकेक करून भिंतीला लागल्या. सत्यनारायण एका टोकाला बसायचा. चमचा ताटावर वाजला की आवाज दुसऱ्या टोकाला जाऊन परत यायचा.

म्हणून खरं सांगायचं तर त्यानं क्लबात सगळ्यात आधी मैदान न्हाई बांधलं, मेस बांधली. लांबलचक. एका पंगतीला आख्खी टीम बसंन एवढी. स्वतःचा आचारी राधेश्याम महाराज घरून उचलून तिथं नेऊन ठेवला. आन पाटीबिटी न लावता, कुणाला न विचारता, जसं आपल्या घरात तसं क्लबात, असं धरून टाकलं की आवारात मटण न्हाई, मच्छी न्हाई, अंडंसुद्धा न्हाई. त्यात काही सांगण्यासारखं हाय, असंच त्याला वाटलं न्हाई. मिलोश आल्या दिवशी दुभाष्याला सारखं काहीतरी विचारत व्हता. दुभाषी म्हणला, "कोचसाहेब विचारतात, चिकन कधी असतं?" राधेश्यामनं मोठ्या प्रेमानं पनीर आणून ठेवलं. मिलोशनं ते काट्यानं उलटंपालटं करून पाह्यलं, जसं काही खाली लपवलं असंन. पहिल्या आठवड्यात प्रॅक्टिसच्या आधी दाल-बाटी झाली, वरून तूप. तेव्हा केरळचा एक जण पळता पळता कोपऱ्याच्या झेंड्यापाशी ओकला. सत्यनारायणला वाटलं, ऊन लागलं असंन.

दर रविवारी तो स्वतः पंगतीत फिरायचा. एडरच्या पाठीमागं उभा राहून बाटीचा घास करायचा आन तोंडापाशी न्यायचा. एवढा मोठा माणूस, कुठल्या कुठल्या स्टेडियमात लोकांनी ज्याच्यासाठी गळे फाडले, तो पहिल्यांदा घाबरून मागं सरला. मंग तोंड उघडायला शिकला. सत्यनारायणला त्या क्षणी बोटाला त्याच्या दाढीचे केस लागायचे, आन बरं वाटायचं. लई बरं वाटायचं. त्या हप्त्यात मंग घरच्या टेबलावरचा चमचा एवढा वाजायचा न्हाई.

दुपारी गाडीत बसताना त्यानं ड्रायव्हरला इचारलं, "धम्मपाल, हैदरची चप्पल कुत्र्यानं कुठं नेली रे?"

धम्मपालनं आरशात पाह्यलं न्हाई. तिथंच सत्यनारायणला कळलं की याला ठावं हाय.

"कोणतं कुत्रं, शेठजी?"

"बदमाश हाय म्हणे."

धम्मपालनं गाडी चालू केली, परत बंद केली. "शेठजी, सांगतो. पण राधेश्याम महाराजाला बोलू नका, ते रडतेत."

"त्याला काहून रडायचं?"

"त्यांनाच तर समदं ठावं हाय. पोरं संध्याकाळी ताटावर बसतेत, दोन घास खातेत आन उठतेत. मंग उरलेले गट्टे आन बाट्या महाराज गोशाळेत पाठवून देतेत. तिथल्या गाया पाह्यल्या का तुम्ही? लई तब्येतीनं झाल्यात."

"आन पोरं?"

"कदीम जालन्यात. खुर्शीदचाचाकडं."

मंग धम्मपालनं सगळं सांगितलं, गाडी उभीच. एडरच्या बुटाचा तळ उकलला व्हता, परदेशातून दुसरा येईपर्यंत थांबायला त्याला दम न्हाई. मोटरसायकलच्या सीटा शिवणारा खुर्शीद बूटबी शिवतो, म्हणून धम्मपालच त्याला पुलापलीकडं घेऊन गेल्ता. दुकान म्हंजी घराचीच पुढची खोली. आत त्याच्या बायकोनं, रहिमुन्निसाभाभीनं, मटणाचा खलिया चढवला व्हता. एडरचं नाक वर झालं. बूट शिवून झाला तरी उठंना. भाभीनं पाह्यलं आन वाडगं पुढं केलं. दुसऱ्या दिवशी तो आणखी दोघांना घेऊन आला. चौथ्या-पाचव्या दिवशी कोच मिलोश स्वतः आला, शिस्त मोडली म्हणून वरडायला. तो सगळ्यात शेवटी उठला.

"मला कुणी सांगितलं काहून न्हाई?"

"तुम्हाला वाईट वाटंन म्हणून, शेठजी. हैदरभाईच म्हणला. सेठजी हाताने खिलाते, म्हणला."

सत्यनारायण खिडकीबाहेर बघत बसला. खुर्शीद. तर चप्पल खुर्शीदचीच.

मयंकला फोन केला तर तो म्हणला, "पप्पा, एवढं काय? करारात कलम आहे, बाहेरचं खायचं नाही. तुम्ही म्हणा, संध्याकाळी गेट बंद. एक शब्द टाका फक्त." सत्यनारायण म्हणला, बघू. एक शब्द. त्याला खरंच तेवढंच लागत व्हतं. लहानपणीबी एकच शब्द लागायचा. 'चाललो' म्हणलं की खेळ बंद. कारण बॉल त्याचा.

तो कातडी बॉल बापानं सिकंदराबादहून आणल्ता. कुंडलिकेच्या कोरड्या पात्रात तेव्हा पोरं चिंध्यांचा चेंडू खेळायची, आन त्या चिंध्यांत हा एक पिवळा, गोल, वास येणारा, हवा भरलेला बॉल. सत्यनारायण पुलाजवळ दिसला की फेंगडा खुर्शीद लांबूनच आरडायचा, "बॉल लाया?" आला का, असं कुणी कधी इचारलं न्हाई. बॉल लाया? आन खुर्शीदचे डोळे आधी त्याच्या हाताकडं जायचे, मंग तोंडाकडं. त्याला गोलात उभं करायचे, कारण गोलात उभं राहायला कुणालाच आवडत न्हाई. त्याला चालायचं. दगडाच्या दोन ढिगांमधी उभा राहून तो सगळ्यांच्या पाठी बघायचा. एकदा बॉल फुटला तेव्हा तो रिकाम्या हातानंच गेल्ता. चिंध्यांचा खेळ चालू व्हता. खुर्शीदनं हाताकडं पाह्यलं आन म्हणला, "आज तू बैठ." एवढंच. रागानं न्हाई, काही न्हाई. तो काठावर बसून राह्यला. ढोरं घरी जायला लागली तरी बसून राह्यला. खेळ संपल्यावर पोरं नेहमीसारखी खुर्शीदच्या घरात शिरली, आत त्याची आई भाकरी आन काहीतरी लाल रश्शाचं वाढायची. सत्यनारायण ओट्यापर्यंत जायचा. आत जायचं नसतं हे त्याला घरून सांगितलेलं, आन त्यांनाबी ठावं असावं, कारण आत ये असं कुणी म्हणायचं न्हाई. ओट्यावर उभं राहून तो बॉल छातीशी धरायचा. त्या दिवशी धरायला बॉलबी नव्हता. हात कुठं ठेवावेत हे त्याला कळलं नव्हतं. अजूनबी कळत न्हाई. माणसांत उभा असला की तो हात कशावर तरी ठेवतो, टेबलावर, खुर्चीवर, कुणाच्या तरी खांद्यावर.

सोमवारी दिवस मावळायला त्यानं धम्मपालला पुलाच्या अलीकडंच थांबवलं आन पुढं चालत गेला. गल्ली तीच. ओटा तोच, वर फरशी नवी. दार अर्धं उघडं व्हतं. उंबऱ्याच्या आत चपला-बुटांची ही रास, महागामोलाची, कशीबी टाकलेली, आन ओट्यावर एक न्हाई. आतून उजेड आन मसाल्याचा धूर येऊन राह्यला व्हता. सत्यनारायण भिंतीच्या कडेला उभा राह्यला. दस्तरखानावर सगळी गोल करून बसली व्हती, त्याची टीम, त्यानं दुनियेतून वेचून आणलेली माणसं, गुडघ्याला गुडघा लावून. तिकडं आवारात ती येवढी मोठी कधी वाटली नव्हती आन येवढी लहानबी. एडर हाडाचा नळा तोंडाला लावून आत फुंकत व्हता. रहिमुन्निसा त्याला रागावली, "अगे, धीरे! नली है, बाजा नै!" आन त्यानं आणखी जोरात फुंकलं.

खुर्शीद मधी बसून जुनी मॅच सांगत व्हता. पांढरा झाल्ता पार. दोन वाट्या गोलाला ठेवल्या व्हत्या, कांद्याच्या फोडी खेळाडू, लिंबू बॉल. मिलोश डोकं खाली घालून कांदे बघत व्हता, बोटानं एक कांदा सरकवून म्हणला, "नो, नो, यहां." खुर्शीद म्हणला, "अरे, उसको वहां काय कू भेजता, वहां नदी का गड्ढा था!" सगळे हसले. मंग खुर्शीदनं वाटीत एक टमाट्याची फोड ठेवली.

"और गोल में कौन?" तो म्हणला. "बॉलवाला!"

परत हसू. मणिपूरचा गोलकीपर पुढं झुकला. "अच्छा था क्या?"

 खुर्शीदनं टमाट्याच्या फोडीकडं पाह्यलं, बोटानं ती जराशी नीट केली, आन बोलायला तोंड उघडलं. तेवढ्यात सत्यनारायणच्या पायाला काहीतरी ओलं लागलं. तांबडं, कान फाटलेलं कुत्रं. तो दचकून मागं सरला, चप्पल निसटली, कुत्र्यानं तोंडात धरली आन न भुंकताच गल्लीत पसार झालं. आत कुणीतरी म्हणलं, "कौन है?" आन सगळा आवाज एकदम बसला, त्या सकाळी मैदानात बसला व्हता तसाच. शेठ आला असं नुसतं कळलं असतं तरी ती उभी राह्यली असती सगळी, तोंडातला घास तोंडात ठेवून. तो अंधाराकडं वळला आन एका पायात चप्पल घालून, उजेडात न येता, गाडीपर्यंत गेला. धम्मपालनं पायाकडं पाह्यलं. गालाच्या आतून हसू दाबलं, का दुसरं काही दाबलं, काय माहीत. दार उघडलं. 

अच्छा था क्या? हप्ताभर तो प्रश्न त्याच्यासंगं फिरला. मिलमधी भट्टीतून लाल सळई सापासारखी धावत बाहेर येते, तिच्याकडं बघताना त्याला टमाट्याची फोड दिसायची. खुर्शीद काय म्हणला असंन? एकदा वाटायचं म्हणला असंन, अच्छा था. एकदा वाटायचं, म्हणला असंन, बॉल उसका था ना. त्यानं गेटवरच्या माणसाला दोनदा हाक मारली, आन माणूस आल्यावर काही न्हाई म्हणून परत पाठवला. तो एक शब्द जिभेवर येऊन बसला व्हता. गेट बंद केलं तर पोरं पंगतीला बसतील. बसतीलच. आत्ताबी बसतेत.

रविवारी संध्याकाळी तो मेसमधी गेला. पंगत बसली व्हती, सरळ, पाठी ताठ. सगळी जेवून राह्यली व्हती, पण पाळी भरायला आल्यासारखी, मिलमधली माणसं भोंगा कधी होतो ते बघत हात चालवतेत तशी. सत्यनारायण एडरच्या मागं गेला, घास केला, पुढं नेला. एडरनं तोंड उघडलं. किती लवकर उघडलं त्यानं. डोळे मिटून, औषध घेणाऱ्या लेकरासारखं. सत्यनारायणचा हात तिथंच राह्यला. बसंतीबाई हात न्यायची तेव्हा माणसं लाजून न्हाई न्हाई म्हणायची, हात धरायची, तोंड फिरवायची. ते न्हाई न्हाईच तर खरं जेवण व्हतं. इथं कुणी न्हाई म्हणत नव्हतं. पगारी माणूस कसा न्हाई म्हणंन? त्यानं तो घास मागं घेतला आन उभ्या उभ्या स्वतः खाल्ला. एडरनं एक डोळा उघडला.

राधेश्याम भांड्याच्या मागं उभा व्हता. सत्यनारायण त्याच्यापाशी जाऊन हळूच म्हणला, "महाराज, उद्यापासून संध्याकाळचं करू नका."

"शेठजी, माझं काही चुकलं का?"

"न्हाई. गाया फुगल्या."

राधेश्यामनं मान खाली घातली. मंग म्हणला, "आन तुम्ही? तुमचं?"

सत्यनारायण तोवर दाराकडं वळला व्हता. गेटवर जाऊन त्यानं पहारेकऱ्याला सांगितलं की संध्याकाळी पोरांची गाडी बाहेर जायची, उगं विचारायचं न्हाई. सांगून झाल्यावर ध्यानात आलं. रविवारबी गेला आता हातचा. रात्री घरी टेबलावर बसला तर चमचाच घेतला न्हाई, हातानं दूध-पोळी खाल्ली, आवाज नको म्हणून.

हप्त्यानं टीम गोव्याला गेली मॅचला. मयंक परस्पर तिकडं जाणार व्हता, म्हणला, "पप्पा, चला ना, मालक म्हणून तिथं बसायला लागतं." सत्यनारायण म्हणला, गुडघे दुखतेत. संध्याकाळी तो रिकाम्या मैदानावर गेला. माळी पाणी मारून गेल्ता, गवत ओलं व्हतं. गोलाच्या खांबामधी जाऊन उभा राह्यला, समोर कुणाच्याच पाठी नव्हत्या. हात कुठं ठेवावेत ते कळंना. जाळीला धरून बघितलं. मंग तो बाहेर आला आन धम्मपालला म्हणला, "पुलापलीकडं चल."

"शेठजी, टीम तर न्हाई तिथं आज."

"ठावं हाय."

गल्लीत शिरताना छाती धडधडत व्हती, या वयात, जशी मिलच्या पहिल्या भट्टीच्या दिवशीबी धडधडली नव्हती. टीम नव्हती. एडर नव्हता, ज्याच्या नावानं काही बोलता आलं असतं. काहीबी संगं आणलं नव्हतं, वाटंत हलवायाच्या दुकानापुढं पाय थांबला व्हता, मिठाईचा एक डबा घ्यावा म्हणून, तरी त्यानं घेतला न्हाई. आज बैठ म्हणला तर? तर बसू. काठावर बसायची सवय हाय. पण एकदा बघायचंच व्हतं. दार आज लोटलेलं व्हतं. तांबडं कुत्रं ओट्याखाली पाय पसरून पडलं व्हतं, त्यानं एक कान हलवला. सत्यनारायणनं कडी वाजवली.

खुर्शीदनं दार उघडलं. हातात दाभण, गळ्यात दोरा. 

"शेठ? टीम तो गोवा गयी."

"मालूम."

"फिर?"

 सत्यनारायणचे दोन्ही हात नुसते खाली लोंबकळत व्हते. खुर्शीदचे डोळे त्या हातांकडं गेले. जुन्या सवयीनं गेले असतील. हात रिकामे व्हते. मंग ते डोळे वर आले, तोंडावर, आन तिथंच थांबले. ओट्याखाली कुत्र्यानं सुस्कारा सोडला. खुर्शीद दारातून जरासा बाजूला झाला.

"चप्पल अंदर निकाल," तो म्हणला. "कुत्ता ले जाता."

सत्यनारायणनं उंबऱ्याच्या आत पाय ठेवला. दाराच्या मागं खिळ्याला एकच चप्पल अडकवलेली व्हती. त्याचीच, त्या सोमवारची. पट्टा कुत्र्यानं चावलेला, आन चावल्या जागी रेग्झिनचा तुकडा लावून बारीक टाक्यानं शिवलेला. त्यानं तिला हात लावला न्हाई. भिंतीला धरून पायातल्या काढल्या, खुर्शीदच्या निळ्या चपलेशेजारी ठेवल्या.

आतून तव्याचा आवाज थांबला. "कौन है जी?" रहिमुन्निसानं विचारलं.

"कोई नै," खुर्शीद म्हणला. "सत्या है."